कोरडी ठेवलेली भिंत

बाबांना क्वार्टरचं वेड होतं. जवाहरनगरच्या कारखान्यात त्यांची नोकरी. सकाळी फाट्यावर जाऊन कारखान्याची बस पकडायची आणि संध्याकाळी त्याच बसनं धूळ खात परत यायचं. त्यांच्याबरोबरचे बरेच लोक तिथल्या क्वार्टरांत राहत. आमचे बाबा राहिले नाहीत, कारण शेत गावात, बैल गावात आणि धाकटा भाऊ, म्हणजे आमचे काका, तेही गावातच. पण मन मात्र क्वार्टरात अडकलेलं. एका रविवारी त्यांचे सोबती डोंगरेकाका यांनी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. घरातल्या घरात नळ, उभ्यानं रांधायचा ओटा, न्हाणीला कडी आणि प्रत्येक खोलीला आपापलं दार. जेवण बाजूला राहिलं आणि बाबा एकेक दार उघडून लावून बघत बसले. शेवटी डोंगरेकाकू म्हणाल्या, "भाऊजी, दार आवडलं असन तं काढून देऊ का?" सगळे हसले, बाबाही हसले, पण परतताना बसमध्ये ते आईला म्हणाले, "पाहिलं का? दार लावलं का झालं. कोनाचा कोनाले तरास नाई."

हे वाक्य पुढं आम्ही इतक्यांदा ऐकलं की माझा धाकटा भाऊ दिलीप जेवताना ताटावर झाकण ठेवून म्हणायचा, "कोनाचा कोनाले तरास नाई." पण मी त्या वेळी बाबांच्या बाजूची होते, हे सांगून टाकते. डोंगरेकाकांच्या मुलीला स्वतःची खोली होती आणि तिला आतून कडी होती. माझं दहावीचं वर्ष जवळ आलेलं. आमच्या घरी अभ्यास सपरीत बसून करायचा, म्हणजे घरापुढच्या पडवीत, जिथं गावातला प्रत्येक माणूस येऊन टेकायचा आणि विचारायचा, "काय वाचून राहिली वो पोरी?" एकाला सांगून होईपर्यंत दुसरा यायचा.

आमचं घर मातीचं होतं, पण म्हणून कोणी नाक मुरडू नये. हातभर जाडीच्या भिंती, वर कवेलू, म्हणजे कौलं, आणि मे महिन्यात भर दुपारी आत शिरलं की डोळे आपोआप मिटायचे असा गारवा. आजा-आजी आमच्या लहानपणीच गेले होते, तरी घराचा दरारा कायम होता. पुढं सपरी, मग मधली मोठी खोली, तिच्यामागं स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागं वाडी. वाडीत विहीर, वांगी, मिरच्या, कुंपणावर वालाचे वेल. मधल्या खोलीच्या कोपऱ्यात धानाचा ढोला उभा असे. बांबूचा विणलेला, शेणमातीनं लिंपलेला, माझ्या दुप्पट उंचीचा. रात्री उंदीर त्याच्याभोवती फिरत, सकाळी वांदरं कवेलूवर नाचत आणि काका खाली उभे राहून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. पहाटे आईच्या आणि काकीच्या बांगड्यांचा आवाज आला की समजायचं, आज आयते आहेत. तांदळाचं पीठ पातळ कालवून तव्यावर ओतायचं. आई ओतायची, काकी उलटायची. ओतणारीनं उलटायचं नाही आणि उलटणारीनं ओतायचं नाही, असा त्यांचा न बोललेला करार होता. एका तव्यावर चार हात चालत आणि एकमेकींना लागत नसत.

दिवाळीच्या आधी दोघी मिळून सगळ्या भिंती पोतारायच्या. पांढऱ्या छुईमातीच्या पाण्यात कापडाचा बोळा बुडवायचा आणि वरून खाली हात ओढायचा. आई उंच, म्हणून वरचा भाग तिचा. काकी ठेंगणी, म्हणून खालचा तिचा. भिंत म्हणजे आमच्याकडं बायकांचीच वस्तू होती. कुठं पोपडा आला, कुठं ओल धरली, कुठं वाळवी चढली, हे पुरुषांना दिवाळीला पाहुणे आल्यावर कळायचं.

मधल्या खोलीला समोरासमोर दोन दारं होती, त्याचं कारण काकी. आमच्याकडं भासऱ्याचा, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचा, मान फार. धाकट्या सुनेनं त्याच्यासमोर यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. बाबा घरात यायच्या आधी दाराशी खाकरायचे. खाकरणं ऐकू आलं की काकी पदर ओढून दुसऱ्या दारानं बाहेर. हातात पोळी असो, सूप असो, दिलीप असो. जुनं घर या कामाला फार सोयीचं होतं, तेवढ्यासाठीच कोण्या शहाण्यानं ते बांधलं असावं. इतक्या वर्षांत काकी माझ्या बाबांशी एक शब्द बोलली नव्हती. मीठ हवं असलं तरी बाबा आईला सांगत आणि आई काकीला सांगे, तेही ती दाराआड दोन पावलांवर उभी असताना. माझी मुलगी हे ऐकून म्हणते, "आई, तुम्ही लोक खरंच असं जगायचात?" हो, जगायचो. त्यात काकीची किती कुचंबणा झाली असेल, हे मला माझं लग्न झाल्यावर समजलं.

काकीचं नाव कौसल्या. आई तिला कवसू म्हणायची आणि ती आईला बाई. माहेर तुमसरच्याही पुढं, बपेऱ्याकडचं, म्हणजे मध्य प्रदेशाच्या हद्दीला लागून. तिच्या बोलण्यात हिंदी शब्द यायचे आणि आम्ही तिची नक्कल करायचो. तिची पहिली मुलगी जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेली. त्याच सुमारास दिलीप झाला आणि आई तापानं अंथरुणाला खिळली, तिला दूध येईना. काकीनं कोणाला काही विचारलं नाही. तिनं दिलीपला उचललं आणि पदराखाली घेतलं. दिलीप तिच्या अंगावर वाढला. पुढं काकीला मूल झालं नाही. दिलीप आईला आई म्हणायचा आणि काकीला माय, आणि कोण कुठली हे त्याला कळायचं वय होईपर्यंत त्यानं दोघींना पुरतं गुंडाळलेलं होतं. आईनं मारलं की तो मायकडं पळे आणि माय रागावली की आईकडं.

घर पाडून नवं, विटासिमेंटचं, स्लॅबचं बांधायचं ठरलं तेव्हा आई खूश होती, हे मी मुद्दाम सांगते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, ती जुन्याला चिकटून बसणारी बाई होती. तिनंच सगळ्यात आधी सांगितलं की संडास पाहिजे, न्हाणीला दार पाहिजे आणि स्वयंपाकघरात धूर जायला मोठी खिडकी पाहिजे. बाबांनी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर स्केलपट्टीनं नकाशा काढला. तो डोंगरेकाकांच्या क्वार्टरचाच होता, फक्त दोनदा काढलेला. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला काका-काकी, मधे सरळ एक भिंत. दोन पुढची दारं, दोन स्वयंपाकघरं, दोन न्हाण्या. जुळी क्वार्टरं.

बाबा वाईट मनाचे नव्हते. आमच्या शेजारच्या आळीत दोन सख्खे भाऊ आंगणाच्या वाटणीवरून असे भांडले होते की त्यांच्या बायका एका विहिरीवर पाणी भरायला येईनाशा झाल्या. बाबांनी त्याची धास्ती घेतली होती. ते काकांना म्हणाले, "मनात मया आहे तोवरच अलग केलेलं बरं. मंग कोनी कोनाले बोल नाई लावत." काकांनी मान हलवली. थोरल्या भावापुढं काकांनी मान हलवली नाही असा दिवस मी तरी पाहिला नव्हता. आई भात वाढत होती. ती म्हणाली, "बाकी काईबी करा जी, पन चूल एकच ठेवा." बाबा म्हणाले, "हो हो, पाहू," आणि पट्टी ठेवून आणखी एक रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी आईनं पुन्हा सांगितलं. त्या दिवशी बाबा संडासाचं दार कोणत्या बाजूला उघडावं या विचारात होते. तिसऱ्यांदा तिनं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अवं, तुयासाठीच तं करून राहिलो. तुयं तुले स्वतंत्र." काकी दाराआडून ऐकत होती. तिला बोलता येत नव्हतं.

धान घरात आल्यावर घर पाडलं आणि आम्ही सगळे बैलांच्या कोठ्याशेजारी टिनाचं छप्पर घालून राहायला गेलो. ते दिवस मला अजून आवडतात. एक चूल, एक तवा, बैलांचे श्वास आणि सगळ्यांची अंथरुणं एका ओळीत. बाबा अर्थातच आईच्या पलीकडं टोकाला आणि काकी दुसऱ्या टोकाला पडद्याआड. लाखोळीच्या डाळीचं वरण, भात आणि वाळल्या झिंग्यांची चटणी, यापलीकडं दोन महिने काही शिजलं नसेल, पण त्या जेवणाला चव होती. सुखराम मिस्त्री रोज सकाळी सायकलवरून यायचा आणि भिंती वर चढत जायच्या. तराईचं काम, म्हणजे बांधलेल्या भिंतींवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं काम, आपसूक बायकांकडं आलं. आई विहिरीतून ओढायची, मी बादल्या वाहायची आणि काकी भिंतीवर पाणी मारायची. आई सुरुवातीला फार कचरायची. मातीच्या घरात भिंतीला पाणी लागलं की जीव वरखाली व्हायचा आणि इथं मुद्दाम पाणी घालायचं. तिनं मिस्त्रीला विचारलं, "अन् पानी नाई मारलं तं?"

"मंग सिमेंटचा मसाला कच्चा राहते ना बाई," सुखराम म्हणाला. "ऊन अस्सं कडक. बोटानं खरवडलं तरी निंगते. तसल्या भितीवर स्लॅब नाई टाकता येत."

आई काही बोलली नाही. तिनं रहाट धरला आणि पाणी ओढायला लागली. पण माझ्या आईच्या काही न बोलण्याचे प्रकार होते आणि हा त्यातला साधा प्रकार नव्हता.

मधली भिंत खांद्याइतकी वर आली आणि सुखराम त्याच्या साळ्याच्या लग्नाला निघून गेला. लग्नसराईच होती, काम काही दिवस थांबलं. त्या संध्याकाळी मी नेहमीप्रमाणं बादली घेऊन मधल्या भिंतीकडं गेले, तर आईनं माझ्या हातातून बादली काढून घेतली. "इले नाई मारायचं," ती म्हणाली. काकी घाबरली. "बाई, गुस्सा व्हतीन ना," ती म्हणाली. आई म्हणाली, "व्हऊ दे. मायावर व्हतीन. तुयावर कायले व्हतीन, तू तं त्यांच्याशी बोलतच नाई." आणि दोघी एकदम हसल्या, हसतच राहिल्या, काकी तर भिंतीला टेकून खाली बसली. मला हसू आलं नाही. त्या भिंतीच्या अलीकडं माझी खोली होती, कडीवाली. मी आईला तसं म्हटलंही. तिनं माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "तुयी खोली द्याची मायाकडं लागली. पन तुया खोलीसाठी कवसूचं पोर्गं मी भितीपल्याड नाई करत."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. तोवर मी नकाशात खोल्या मोजत होते, दिलीप कोणत्या बाजूला झोपेल हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. नकाशाप्रमाणं तो अर्थातच आमच्या बाजूला होता. काकीच्या बाजूला दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, न्हाणी, दार, कडी, सगळं होतं आणि त्या सगळ्यात ती एकटी होती. काका शेतावर जाणार, परतणार, जेवून सपरीत बसणार. बपेऱ्याहून आलेल्या त्या बाईनं आमच्या घरात जे काही आपलं म्हणून मिळवलं होतं, ते सगळं भिंतीच्या दुसऱ्या बाजूला जाणार होतं. मी बादली उचलली आणि पुढच्या भिंतीकडं गेले.

मग रोज आम्ही बाकी सगळ्या भिंतींना न्हाऊ घातलं. त्या गडद, ओल्या, सिमेंटच्या वासाच्या होत्या आणि मधे ही एक पांढुरकी पडत चाललेली. बाबांच्या ध्यानात आलं नाही. ते सकाळी बसला जायचे, संध्याकाळी उजेड कमी व्हायचा आणि आलेच तर त्यांना दारांच्या चौकटी कधी येतात याचीच चिंता. काकांच्या ध्यानात आलं होतं, याबद्दल माझी खात्री आहे. ते एकदा त्या भिंतीजवळ बराच वेळ उभे होते, मग त्यांनी बैलांना पाणी पाजायला नेलं.

रविवारी सुखराम परत आला. बाबा घरीच होते. सुखरामनं मधल्या भिंतीवर हात ठेवला, नखानं सांधा खरवडला आणि भुरभुर वाळू खाली पडली. "हे काय जी, भाऊ?" तो म्हणाला. "बाकीच्या भिती टंच झाल्या अन् हे एकच कोरडी काहून?"

बाबांनीही बोट लावलं. मसाला त्यांच्या नखाखाली आला. त्यांनी मला हाक मारली. "शालू, तराई कोन करून राहिलं?"

"आम्हीच."

"मंग या भितीची?"

"आई सांगते तितल्याच भितींची करतो," मी म्हणाले. खोटं मला बोलायचं नव्हतं आणि आईला पुढं लोटायचंही नव्हतं, पण दोन्हीच्या मधलं वाक्य सुचलं नाही.

आई विहिरीकडून आली. पदराला हात पुसत ती बाबांच्या समोर उभी राहिली. काका कोठ्याच्या दाराशी. सुखरामनं थापी खाली ठेवली आणि बिडी काढली, पण पेटवली नाही.

"तू मुद्दाम केलं हे?" बाबांनी विचारलं.

"हो जी."

"तोंडानं नाई सांगता आलं?"

"सांगतलं व्हतं," आई म्हणाली. "तुमी नकाशा पाहून राहिले व्हते."

बाबांना राग आला. तो येणारच होता. मिस्त्रीसमोर, भावासमोर, मुलीसमोर. ते म्हणाले की आपण जे करतोय ते सगळ्यांच्या भल्याचं आहे, उद्या भावाभावांत वाजलं तर कोण जबाबदार, बायकांना पुढचं दिसत नाही. त्यांचा आवाज चढला होता. तेवढ्यात भिंतीच्या पलीकडून आवाज आला.

"मी बोलू का?"

काकी होती. ती भिंतीपलीकडं बादली घेऊन बसली होती, आम्हाला दिसत नव्हती. हाक मारायला तिच्याकडं शब्दच नव्हता, कारण बाबांना तिनं कधी हाक मारलीच नव्हती. बाबा तर दचकलेच. इतक्या वर्षांत त्यांनी तो आवाज आपल्याशी बोलताना ऐकला नव्हता.

"मले अलग घर नको जी," काकी म्हणाली. "दोन खोल्या नको, न्हानी नको. मी तुमच्या घरात आली तवा मले काईच येत नव्हतं. बाईनं शिकवलं. मायी पोरगी गेली तवा बाईनं आपलं पोर्गं मायापाशी देल्लं. आता तुमी सांगा, दिलीप कोन्या घरचा? इकडचा का तिकडचा? थो रात्री माय म्हनून उठला, तं मी भितीतून कशी येऊ?"

दिलीप त्या वेळी वाडीत मिरच्या तोडत होता की बोरं पाडत होता, त्याला काही माहीत नव्हतं. मग काका कोठ्याच्या दारातून पुढं आले आणि मान खाली घालून म्हणाले, "दादा, मलेबी नोको व्हती भित. तू म्हनला म्हून मी हो म्हनलो."

"अन् मी तुयासाठी म्हनलो व्हतो!" बाबा ओरडलेच. मग त्यांनाच ते ऐकू आलं. त्यांनी एकदा भावाकडं बघितलं, एकदा आईकडं, आणि त्यांचा सगळा राग हवा गेल्यागत उतरला. म्हणजे ज्या भिंतीसाठी इतकी आखणी झाली, ती घरात एकालाही नको होती. सवयीनं ते आईकडं वळून म्हणाले, "तिले सांग..." आणि थांबले. मग भिंतीजवळ गेले, खाकरले नाहीत, आणि पलीकडं बघून म्हणाले, "कौसल्या, उठ तिथून. भित पाडतो. अंगावर पडन तुया."

तिचं नाव त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. काकी उठली. पदर डोक्यावर होता, पण ती पळाली नाही. बाबांनी वरची वीट हातानंच उचलली. ती सुटून आली. मग काका आले आणि दोघा भावांनी मिळून ती भिंत उतरवली. सुखराम डोक्याला हात लावून म्हणाला, "आता मधे बीम टाकावा लागन, दोन खांब लागतीन." बाबा म्हणाले, "टाक." त्यांनी कॅलेंडरचा नकाशा खिशातून काढून आईच्या हातात दिला आणि म्हणाले, "आता तूच सांग, कुठं काय पायजे."

आईनं नकाशा घडी करून चुलीजवळ ठेवला. तिला तो वाचता येत नव्हता आणि गरजही नव्हती. तिनं वाळल्या चुन्याची मूठ घेतली आणि काकीला बरोबर घेऊन जमिनीवरच आखायला बसली. इथं चूल, इथं खिडकी, इथून धान आत येणार, इथं ढोला. इथं बसून तांदूळ निवडले तर उजेड पाठीमागून येईल. इथून दिलीप वाडीत असला तरी दिसेल. आमच्या गावात बायकांनी घर आखलेलं तोवर कोणी पाहिलं नव्हतं. येणारे-जाणारे थांबून बघायचे आणि बाबा छाती काढून सांगायचे, "मीच म्हनलो, तुमीच ठरवा." आई ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

ओट्याचं मात्र मोठं प्रकरण झालं. उभ्यानं रांधायचा ओटा दोघींना हवा होता, पण आईला सोयीचा केला की काकीच्या छातीला लागायचा आणि काकीला सोयीचा केला की आईला कमरेत वाकावं लागायचं. आई म्हणाली, "मंग अर्धा उंच करा, अर्धा बुटका." सुखराम म्हणाला, "बाई, लोक हासतीन. असा ओटा कोन्या घरी पाहिला काय?" आई म्हणाली, "लोकाईले कुठं रांधायचं आहे इथं?" ओटा तसाच झाला, एकाच भिंतीला, मधे एक पायरी असलेला. दुसरं जे स्वयंपाकघर उरलं, ती माझी खोली झाली. तिला आईनं आठवणीनं आतून कडी लावून घेतली. त्या खोलीत मी दहावी पास झाले, पहिली नव्हे, पण पहिल्या वर्गात, आणि गावात त्या वर्षी तेवढं यश मुलींमध्ये माझंच होतं. पुढं शिक्षिका झाले ती त्या कडीच्या जिवावर, असं मी माझ्या विद्यार्थिनींना सांगत असे.

घरभरणीला सगळं गाव जेवलं. आयते, लाखोळीची डाळ, वांग्याचा रस्सा, गुळाची खीर. बायका ओटा बघायला रांग लावून आत येत होत्या आणि हसायचं म्हणून आलेल्या उभ्या राहून बघत, मग आपली उंची त्याला लावून बघत. बाबा पंगतीतून उठून स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि मोठ्यानं म्हणाले, "कौसल्या, भात सरला, आन जरा." काकी भाताचं पातेलं घेऊन सरळ त्यांच्या समोरून गेली. त्या दिवसानंतर बाबांचं खाकरणं आमच्या घरात ऐकू आलं नाही. खरी घरभरणी त्या दिवशी काकीची झाली, असं मला वाटतं.

आता मी भंडाऱ्याला राहते, फ्लॅटमध्ये. खोल्या चार, माणसं दोन, आणि जेवायला बोलवायचं तर हे मला आतल्या खोलीतून फोन करतात. माझ्या मुलीच्या नागपूरच्या घरात स्वयंपाकघराला भिंतच नाही. बिल्डरनं ती नवी पद्धत म्हणून दाखवली तेव्हा मी मोठ्यानं हसले आणि त्या बिचाऱ्याला कारण कळेना. नव्या घरांना नावं ठेवायची मला सवय नाही. नळ, कडी, संडास, खिडकी, हे सगळं आमच्या आईनंही मागून घेतलं होतं. फक्त भिंत कुठं घालायची हे आत राहणाऱ्यांना विचारावं, एवढंच माझं म्हणणं आहे आणि ते म्हणणं माझं नाही, माझ्या आईचं आहे. मला तिचा अभिमान वाटतो. तिनं ना उपास धरला ना आकांडतांडव केलं. तिनं फक्त पाणी घातलं नाही.

बाबा गेले, काका गेले. आई आणि काकी दोघी आहेत, त्याच घरात, दिलीप आणि त्याच्या बायकोपोरांसोबत. परवा मी गेले होते तेव्हा कसल्याशा सर्वेक्षणाला एक मुलगी आली. घरात माणसं किती, जनावरं किती, असं विचारत ती स्वयंपाकघरापर्यंत आली आणि म्हणाली, "आजी, चुली किती या घरात?"

"एक," काकी म्हणाली.

"पण गॅसचे कार्ड दोन आहेत ना? एक या आजींच्या नावाचं, एक तुमच्या. शेगड्याबी दोन दिसून राहिल्या. दोन लिहू का?"

"एकच लिही."

आईला आता कमी ऐकू येतं. ती खाटेवरून म्हणाली, "काय इचारून राहिली वो थे?"

"आपल्या चुली मोजून राहिली, बाई," काकी तिच्या कानाशी ओरडली.

आईनं त्या मुलीला हातानं जवळ बोलावलं. "एकच हाय, बेटा," ती म्हणाली. "लय पानी वाचवून ठेवली हाय थे आमी."

मुलीला काही कळलं नाही, पण तिनं एक लिहिलं.